वर्म व्हीलचा धातू ओळखायचा कसा: कानशीपासून स्पेक्ट्रोपर्यंत

गिअरबॉक्स उघडला, वर्म (स्क्रूसारखा, आटे असलेला गिअर) धडधाकट, पण त्यावर फिरणाऱ्या वर्म व्हीलचे दात झिजून सुरीच्या पात्यासारखे पातळ झालेले. ड्रॉइंग नाही, बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली. व्हील पोत्यात घालून बाजारात नेलं की पहिलं उत्तर ठरलेलं: "गनमेटलमध्ये करून देतो, साहेब." अडचण अशी, की तांबूस-पिवळं जे काही ओतून मिळतं ते सगळंच बाजारात गनमेटल. त्यात पाच टक्के कथिल असलेलं बुशचं मटेरियलही आलं आणि बारा टक्के कथिलाचं अस्सल फॉस्फर ब्रॉन्झही आलं. हॉबिंगला, म्हणजे दात कापायला, दोन्ही छान जातात, बसवल्यावर दोन्ही सारखीच चमकतात. फरक कळतो तो पुढे तेल बदलताना, तळाशी सोनेरी गाळ साचलेला दिसतो तेव्हा.

जुन्या गिअरचा धातू कोणता होता, नवीन आलेलं ब्लँक, म्हणजे दात कापण्याआधीचं कास्टिंग, मागवलं तेच आहे का, आणि घटक जुळले तरी गिअर म्हणून ते टिकेल का, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्या दोघांची बरीचशी उत्तरं आपल्याच वर्कशॉपमध्ये, फार खर्च न करता मिळतात. तिसऱ्याकडे बहुतेक जण बघतच नाहीत, आणि गिअर तिथेच फसतं.

## आधी संशयितांची यादी

गिअरमध्ये सापडणारे तांब्याचे मिश्रधातू कागदावर शेकड्यांनी आहेत. प्रत्यक्षात हाताशी येतात ती चार-पाच कुटुंबं.

पहिलं फॉस्फर ब्रॉन्झ, म्हणजे कथिलाचं कांसं. तांबं, १० ते १३ टक्के कथिल आणि थोडा फॉस्फरस. भारतीय मानक आयएस २८. पण बाजारात अजून जुनी ब्रिटिश नावंच चालतात, पीबी१ आणि पीबी२. अमेरिकन मशीन असेल तर सी ९०७०० हे नाव दिसेल, त्यात साधारण ११ टक्के कथिल. युरोपियन गिअरबॉक्समध्ये १२ टक्के कथिल आणि २ टक्के निकेलचं कांसं नेहमी आढळतं.

वर्म व्हीलला हाच धातू का लागतो, ते समजून घेतलं तर पुढच्या सगळ्या तपासण्यांना अर्थ येतो. वर्म गिअरमध्ये दात एकमेकांवर लोळत नाहीत, घासत जातात. अशा ठिकाणी दोन्हीकडे स्टील ठेवलं तर ते एकमेकांना चिकटतं. म्हणून वर्म केस हार्डन (वरचा थर कडक) करून ग्राइंड केलेला, ५८ ते ६२ एचआरसी (रॉकवेल कडकपणा) असलेला, आणि व्हील कांशाचं. या कांशाच्या रचनेत मऊ तांबूस पाया असतो आणि त्यात कथिलाने समृद्ध असे कडक, ठिसूळ डेल्टा कण विखुरलेले असतात. कण भार आणि घर्षण सोसतात. मऊ पाया थोडा दबून वर्मच्या पृष्ठभागाशी जुळवून घेतो. फॉस्फरस वितळलेल्या धातूतला ऑक्सिजन काढून टाकतो आणि जास्तीचा उरला तर तांब्याचं फॉस्फाइड होऊन कडकपणात भर घालतो. कथिल कमी केलं की डेल्टा कण कमी होतात. कथिल तांब्यापेक्षा कितीतरी महाग, आणि जस्त-शिसं स्वस्त. भेसळ कुठल्या दिशेने होणार हे यावरून वेगळं सांगायला नको.

दुसरं गनमेटल. अस्सल गनमेटल ८८-१०-२, म्हणजे तांबं-कथिल-जस्त. हे गिअरला वाईट नाही. पण बाजारातलं रोजचं गनमेटल असतं ८५-५-५-५: कथिल, शिसं, जस्त पाच-पाच टक्के. ब्रिटिश नाव एलजी२, आयएस ३१८ मध्ये एलटीबी२. व्हॉल्व्ह, पंप, हलके बुश यांसाठी उत्तम. जड भाराच्या वर्म व्हीलसाठी नाही.

तिसरं अ‍ॅल्युमिनियम ब्रॉन्झ, आयएस ३०५, एबी१ आणि एबी२. कथिल जवळजवळ शून्य. ९ ते ११ टक्के अ‍ॅल्युमिनियम, लोखंड एबी१ मध्ये दीड ते साडेतीन टक्के, एबी२ मध्ये ४ ते साडेपाच टक्के आणि तेवढंच निकेल. ताकदीला फॉस्फर ब्रॉन्झच्या दुप्पट, पण घासण्याच्या बाबतीत हेकट.

चौथं हाय टेन्साइल ब्रास, आयएस ३०४. याला मँगनीज ब्रॉन्झ म्हणतात, पण हे पितळच. जस्त २० ते ४० टक्के, सोबत अ‍ॅल्युमिनियम, लोखंड, मँगनीज. हळू फिरणाऱ्या, जड, हाताने चालवायच्या यंत्रणांत सापडतं.

शिवाय मीटर, घड्याळं, छोटी उपकरणं यांच्या बारीक गिअरमध्ये शिसं घातलेलं फ्री कटिंग पितळ. ते रॉडमधून थेट कापलेलं असतं, ओतलेलं नसतं. त्यावर इथे फार वेळ घालवत नाही.

## पायरी १: तुकडा कुठून घ्यायचा

सुरुवात निरीक्षणाने. व्हील पूर्ण कांशाचं आहे की कास्ट आयर्नच्या हबवर कांशाची रिम आहे? हबच्या बाजूला, बोल्टांच्या मधे कधी ग्रेड पंच केलेला सापडतो. वायर ब्रश मारून आधी तो शोधा. दातांकडे बघा. दात एकसारखे झिजून पातळ झालेत आणि वर्म स्वच्छ आहे, तर धातू मऊ होता किंवा तेल गेलं होतं. वर्मवरच पिवळा धातू चिकटलेला दिसला, दातांवर ओढल्याच्या रेघा असल्या, तर चिकटण्याचा प्रकार झालाय. असं अ‍ॅल्युमिनियम ब्रॉन्झ जास्त वेगात चालवल्यावर बरेचदा दिसतं. दाताच्या मधोमध बारीक खड्डे आहेत पण झीज कमी आहे, तर घाबरू नका. कथिलाच्या कांशात सुरुवातीचं पिटिंग अनेकदा होऊन थांबतं.

नमुना पृष्ठभागावरून घेऊ नका. कथिलाचं कांसं थिजताना कथिलाने समृद्ध द्रव आतून बाहेरच्या कातडीकडे ढकलला जातो. कास्टिंगवर कधी पांढरट थेंब येतात, त्याला फाउंड्रीत कथिलाला घाम फुटला म्हणतात. त्यामुळे वरच्या थरात कथिल जास्त आणि आत कमी निघतं. रिमच्या आतल्या अंगाने, दाताच्या मुळाखाली, निदान दोन-तीन मिमी काढून टाकल्यानंतरचा धातू हा खरा नमुना. तुटलेला दात मिळाला तर सोन्याहून पिवळं. त्याचाच घन तुकडा पुढे घनता आणि कडकपणा दोन्हीला चालतो.

## पायरी २: कानस, डोळा आणि चुंबक

स्वच्छ, नव्या कानशीने एक जागा उजळा. स्टीलवर वापरलेली कानस नको; तिच्यातला लोखंडाचा चुरा चुंबकाला फसवतो. दिवसाच्या उजेडात, शेजारी माहितीतले तुकडे ठेवून रंग बघा. पाच टक्के कथिलाचं गनमेटल तांबूस दिसतं. दहा-बारा टक्क्यांचं फॉस्फर ब्रॉन्झ त्याहून पिवळसर-तपकिरी. अ‍ॅल्युमिनियम ब्रॉन्झ सरळ सोनेरी, सराफाच्या दुकानात शोभेल असं. हाय टेन्साइल ब्रास फिकट पिवळं. ट्यूबलाइटखाली हे सगळे रंग एकमेकांत मिसळतात, म्हणून रंगावर निकाल देऊ नका. तो फक्त पुढची दिशा दाखवतो.

छोटं निओडायमियम चुंबक दोऱ्याला टांगा आणि उजळलेल्या जागेजवळ न्या. कथिलाचं कांसं ढिम्म. लोखंड असलेलं अ‍ॅल्युमिनियम ब्रॉन्झ किंवा हाय टेन्साइल ब्रास बऱ्याचदा चुंबकाला हलकं ओढतं. ओढ दिसली तर ते फॉस्फर ब्रॉन्झ नाही, एवढं धरून चाला. ओढ दिसली नाही तर मात्र काहीच सिद्ध होत नाही.

आणखी एक जुनी युक्ती: साधा झिंक क्लोराइड फ्लक्स लावून तुकड्यावर शिशाचं सोल्डर ओढून बघा. कथिलाचं कांसं लगेच कल्हई धरतं. अ‍ॅल्युमिनियम ब्रॉन्झवर सोल्डर गोळ्या होऊन घरंगळतं, कारण वर अ‍ॅल्युमिनाचा पापुद्रा असतो आणि साधा फ्लक्स तो काढू शकत नाही.

धातू वितळवून पांढरा धूर येतो का बघायचा, जस्त ओळखायचं, ही पद्धत काही जण सांगतात. नका करू. जस्ताच्या धुराने रात्री हुडहुडी भरून ताप येतो, आणि मिळणारी माहिती पुढच्या पायरीत आरामात मिळते.

## पायरी ३: घनता, सगळ्यात कामाची तपासणी

याच्याइतकं स्वस्त आणि खात्रीचं दुसरं काही नाही. लागतो तो सराफी छोटा काटा, ०.०१ ग्रॅम वाचणारा, एक ग्लास पाणी आणि शिवणाचा दोरा.

तुकडा तेल-ग्रीसपासून पूर्ण साफ करा. पेट्रोलने धुऊन सुकवा. कोरडं वजन घ्या. मग काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून काटा शून्य करा. तुकडा दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा भिंतीला लागू देऊ नका; दोरा हातात न धरता वर एखाद्या स्टँडला बांधा. आता काटा जो आकडा दाखवतो तो तुकड्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. कोरड्या वजनाला त्या आकड्याने भागा. पाणी आपल्याकडच्या तापमानाचं, ३० अंशांच्या आसपास असेल, तर उत्तराला ०.९९६ ने गुणा.

उदाहरण घेऊ. कोरडं वजन ४३.६२ ग्रॅम, पाण्यात काट्यावर ५.८३. भागाकार ७.४८, दुरुस्तीनंतर ७.४५. हे अ‍ॅल्युमिनियम ब्रॉन्झ. रंग काहीही सांगू दे. दुसरा तुकडा ५२.१० आणि ५.९५: उत्तर ८.७२. हा कथिलाच्या कुटुंबातला.

ताळा असा लावायचा. ७.४ ते ७.७ आलं तर अ‍ॅल्युमिनियम ब्रॉन्झ. ७.८ ते ८.५ च्या दरम्यान आलं तर पितळाची जात, त्यात ७.८ च्या जवळ जास्त ताकदीचं, अ‍ॅल्युमिनियम असलेलं हाय टेन्साइल ब्रास, ८.३ च्या आसपास साधं हाय टेन्साइल, आणि ८.४५ च्या पुढे फ्री कटिंग पितळ. ८.६ ते ८.९५ म्हणजे कथिलाचं कांसं किंवा गनमेटल. शुद्ध तांबं ८.९६, हे लक्षात ठेवायला सोपं.

दोन ठिकाणी गडबड होते. तुकड्याला हवेचे बुडबुडे चिकटले की घनता कमी येते. पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाका आणि तुकडा हलवून घ्या. दुसरं, कास्टिंगमध्येच बारीक छिद्रं असतील तरी आकडा खाली येतो. अस्सल फॉस्फर ब्रॉन्झ ८.५ दाखवायला लागलं, तर धातू बदललाय असं म्हणण्याआधी तुकडा कापून आत बघा. आणि काटा ०.१ ग्रॅमचाच असेल तर छोट्या तुकड्यावर वेळ घालवू नका, ५.८ वर ०.१ ची चूक म्हणजे उत्तरात ०.१५ पर्यंत फरक, तेवढ्यात पितळ आणि कांसं एकमेकांत जातं. अशा वेळी सरळ अर्धा किलोचा तुकडा घ्या.

घनता जे सांगू शकत नाही ते हे: १२ टक्के कथिलाचं फॉस्फर ब्रॉन्झ आणि ८५-५-५-५ दोन्ही ८.७ ते ८.८५ च्या पट्ट्यात येतात. बाजारात नेमकी हीच अदलाबदल होते. त्यासाठी पुढची पायरी.

## पायरी ४: लेथवरचा चुरा आणि नायट्रिक अ‍ॅसिड

लेथवर बारीक कट घेतला तर शिसं असलेलं गनमेटल बारीक, तुटक चुरा टाकतं आणि कट गुळगुळीत, आवाज न करता निघतो. फॉस्फर ब्रॉन्झची चिप थोडी लांब, टूल जरा दाबून जातो. अ‍ॅल्युमिनियम ब्रॉन्झची चिप चिवट, वळ्यावळ्यांची, आणि टूलची धार लवकर जाते. अनुभवी खराद्याला एवढ्यावरच कळतं. पण त्याचं म्हणणं परचेसच्या फाइलमध्ये लावता येत नाही.

अ‍ॅसिडची तपासणी रसायनाची थोडी सवय असलेल्यानेच, उघड्यावर, चष्मा आणि रबरी हातमोजे घालून करावी. नायट्रिक अ‍ॅसिड आणि तांबं यांतून निघणारा तपकिरी वायू विषारी असतो. अ‍ॅसिड पाण्यात ओतायचं, पाणी अ‍ॅसिडमध्ये कधीच नाही.

अर्धा ग्रॅम स्वच्छ चुरा काचेच्या छोट्या बीकरमध्ये घ्या. निम्मं पाणी, निम्मं नायट्रिक असं मिश्रण दहा मिलिलिटर हळूहळू घाला. फसफस थांबल्यावर थोडं गरम करून ठेवून द्या. द्रव निळा-हिरवा होईल, ते तांबं. आता तळ बघा. दुधासारखा पांढरा, न विरघळणारा गाळ बसला तर कथिल आहे. गाळ नाहीच, द्रव स्वच्छ, तर ते पितळ किंवा अ‍ॅल्युमिनियम ब्रॉन्झ. १० टक्के कथिल असलेल्या एक ग्रॅम चुऱ्यातून भाजल्यानंतर सुमारे ०.१२७ ग्रॅम टिन ऑक्साइड मिळतं. रसायनाच्या लॅबमध्ये हाच गाळ भाजून, तोलून, ०.७८८ ने गुणून कथिलाचा टक्का काढायची जुनी पद्धत आहे. फॉस्फरसही या गाळात अडकतो, म्हणून आकडा किंचित वर जातो. वर्कशॉपमध्ये तोलायची गरज नाही. माहितीतल्या फॉस्फर ब्रॉन्झचा तेवढाच चुरा शेजारच्या बीकरमध्ये घ्या आणि दोन्ही गाळांची उंची ताडून बघा. निम्मा असेल तर उत्तर समोरच आहे.

वरचा स्वच्छ द्रव गाळून वेगळा काढा आणि त्यात पातळ सल्फ्युरिक अ‍ॅसिडचे काही थेंब टाका. जड पांढरा गाळ लगेच खाली बसला तर शिसं आहे. फॉस्फर ब्रॉन्झमध्ये हा जेमतेम दिसायला हवा. एलजी२ मध्ये ठळक दिसतो. शिसं काढल्यावर उरलेल्या द्रवात अमोनिया जास्त प्रमाणात घातला तर तांब्यामुळे गडद निळा रंग येतो, आणि अ‍ॅल्युमिनियम ब्रॉन्झ असेल तर त्या निळ्यात जेलीसारखा तरंगता गाळ दिसतो. त्यातलं अ‍ॅल्युमिनियम पांढरं, लोखंड तपकिरी.

झाल्यावर बीकर गटारात ओतू नका. धुण्याचा सोडा घालून फेस थांबेपर्यंत शांत करा आणि कारखान्याच्या घातक कचऱ्याच्या ड्रममध्ये जाऊ द्या. त्यात तांबं आणि शिसं आहे.

## पायरी ५: कडकपणा

ब्रिनेल मशीन असेल तर १० मिमी गोळी आणि १००० किलो भार कांशाला योग्य. ठसा ३.६ मिमी आला तर ९५ बीएचएन (ब्रिनेल कडकपणाचा आकडा). रिपोर्टमध्ये भार लिहून घ्या. ५०० किलोचा आकडा आणि ३००० किलोचा आकडा एकाच धातूवरही जुळत नाहीत.

मशीन नसेल तर शेगड्यात (बेंच व्हाइसमध्ये) तुलना करा. ज्याचा कडकपणा माहीत आहे असा कांशाचा सपाट तुकडा आणि आपला नमुना, दोन्ही पॉलिश करून, मधे बेअरिंगची गोळी ठेवून शेगडा आवळा. गोळी दोन्हीकडे ठसा उमटवते, भार दोघांवर एकच. ठशांचे व्यास मोजा. माहितीतला तुकडा ९५ बीएचएन, त्यावरचा ठसा ३.० मिमी, नमुन्यावरचा २.३ मिमी. ३.० भागिले २.३, त्याचा वर्ग साधारण १.७, म्हणजे नमुना १६० च्या आसपास. हे कथिलाचं कांसं नव्हे. पोल्डी हातोडा या हाताने वापरायच्या कडकपणा-मापकाची कल्पना हीच, फक्त तिथे शेगड्याऐवजी घाव असतो.

ढोबळ अंदाज असा: वाळूत ओतलेलं फॉस्फर ब्रॉन्झ ७० ते १००, सेंट्रिफ्युगल (वेगाने फिरत्या साच्यात) ओतलेलं ९५ ते १५०. एलजी२ साठ ते पंचाहत्तर. अ‍ॅल्युमिनियम ब्रॉन्झ एबी१ असेल तर ९० ते १६०, एबी२ असेल तर १४० ते १९०. हाय टेन्साइल ब्रास ग्रेडप्रमाणे शंभरपासून सव्वादोनशेपर्यंत. ७२ बीएचएन आलं तर ते वाळूतलं पीबी आहे की एलजी२, हे कडकपणा सांगू शकत नाही. तिथे अ‍ॅसिडच्या तपासणीचा निकाल सोबत ठेवावा लागतो.

## पायरी ६: लॅब, आणि लॅबला काय विचारायचं

इथवर कुटुंब कळलं. ऑर्डर द्यायला टक्के हवेत. एमआयडीसी असलेल्या बहुतेक शहरांत दोन सोयी मिळतात: हातातली एक्सआरएफ गन, जी क्ष-किरणांनी घटक ओळखते, आणि स्पार्क स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे स्पेक्ट्रो, जो ठिणगीच्या प्रकाशावरून घटक ओळखतो.

एक्सआरएफ झटपट आहे, तुकडा खराब होत नाही. पण हलक्या मूलद्रव्यांना ती कमजोर. जुन्या गनला अ‍ॅल्युमिनियम दिसतच नाही, आणि जे दिसतं त्याचीच बेरीज ती शंभर करून दाखवते. ८५ तांबं, ११ अ‍ॅल्युमिनियम, ४ लोखंड असलेल्या ब्रॉन्झवर अशी गन धरली तर पडद्यावर येतं: तांबं ९५.५, लोखंड ४.५. ऑपरेटर म्हणतो, "जवळपास तांबंच आहे." ज्याने घनता ७.४५ काढून ठेवलीय तो फसत नाही. फॉस्फरसचंही तसंच, ०.२-०.३ टक्के फॉस्फरसबद्दल गनचा आकडा गांभीर्याने घेऊ नका.

एक्सआरएफ फक्त वरचा पातळ थर वाचते. मशीनिंग करताना शिसं पृष्ठभागावर पसरतं आणि आकडा वाढवतं. पॉलिश पेपर अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा असेल तर त्याचेच कण रुतून अ‍ॅल्युमिनियम दाखवतात. ताज्या, स्वच्छ कानशीने घासलेली जागा बरी.

स्पेक्ट्रोला घन, सपाट तुकडा लागतो. चुरा चालत नाही. मशीनमध्ये तांब्याच्या बेसचं कॅलिब्रेशन आहे का, हे आधी विचारा. काही ठिकाणी फक्त लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियमचं असतं. निदान तीन ठिणग्यांची सरासरी मागा, शिसं एकसारखं पसरलेलं नसतं. फक्त चुराच असेल तर ओल्या रासायनिक पद्धतीने किंवा आयसीपीवर (द्रावणातले घटक मोजणारं यंत्र) करून देणारी एनएबीएल मान्यतेची लॅब शोधा.

रिपोर्टमध्ये कथिल, जस्त, शिसं, फॉस्फरस, निकेल, लोखंड, अ‍ॅल्युमिनियम, सिलिकॉन, मँगनीज, अँटिमनी एवढं मागा. कथिलाच्या कांशात अ‍ॅल्युमिनियम आणि सिलिकॉन याकडे माझी नजर कथिलाच्याही आधी जाते. सी ९०७०० मध्ये दोन्हींची मर्यादा ०.००५ टक्के आहे. ०.०५ दिसलं तर फाउंड्रीने मिश्र भंगार वितळवलंय आणि त्यात कुठेतरी अ‍ॅल्युमिनियम ब्रॉन्झ किंवा तसलंच काही आलंय. कथिल बरोबर असूनही असलं कास्टिंग आतून पोकळ आणि ऑक्साइडच्या पापुद्र्यांनी भरलेलं निघू शकतं.

## घटक जुळले, पण ओतलं कसं?

हा तो तिसरा प्रश्न. एकच फॉस्फर ब्रॉन्झ वाळूत ओतलं की हळू थंड होतं. डेल्टा कण जाड, एकाच जागी गोळा, मधे छिद्रं. तेच चिल मोल्डमध्ये (धातूच्या, लवकर थंड करणाऱ्या साच्यात) किंवा सेंट्रिफ्युगल पद्धतीने ओतलं की झटकन थिजतं. कण बारीक, सगळीकडे पसरलेले, दाण्याला घट्टपणा. वर्म गिअरच्या ब्रिटिश मानकातून, बीएस ७२१ मधून आलेला डिझाइनचा तक्ता हा फरक उघड दाखवतो: दाताच्या वाकण्याचा ताण-गुणांक वाळूतल्या फॉस्फर ब्रॉन्झला ५.००, चिल दिलेल्याला ६.४०, सेंट्रिफ्युगलला ७.०० किलो प्रति चौरस मिमी. रिपोर्ट अक्षरशः सारखा, दाताची ताकद चाळीस टक्के वेगळी.

म्हणून जुन्या व्हीलची ओतकामाची पद्धतही ओळखा. कापलेला, पॉलिश केलेला तुकडा फेरिक क्लोराइडने एच केला, म्हणजे पृष्ठभाग हलकासा खाऊ दिला, की दाणे डोळ्यांना किंवा भिंगातून दिसतात. बारीक, एकसारखे, बाहेरून केंद्राकडे जाणारे दाणे असतील तर सेंट्रिफ्युगलची शक्यता मोठी. जाडे, इकडेतिकडे, मधे काळे ठिपके, तर वाळू. जुनं सेंट्रिफ्युगल होतं आणि नवीन वाळूत ओतलं, तर धातू तोच राहूनही गिअर आधीइतकं चालणार नाही.

## तोच धातू घालायचा की बदलायचा

हे ठरतं घासण्याच्या वेगावर. वर्मचा पिच व्यास ६० मिमी, मोटर १४४० आरपीएम, लीड अँगल (वर्मच्या आट्याचा कल) १० अंश धरला तर ३.१४ गुणिले ६० गुणिले १४४०, भागिले ६०,०००, म्हणजे ४.५२, त्याला १० अंशांच्या कोसाइनने भागल्यावर ४.६ मीटर प्रति सेकंद. चार-पाचच्या पुढे कथिलाचं कांसंच ठेवा. त्याखाली, भार जड असेल तर अ‍ॅल्युमिनियम ब्रॉन्झचा विचार करता येतो, पण वर्म कडक आणि आरशासारखा ग्राइंड केलेला हवा. दोनच्या खाली कास्ट आयर्नही चालून जातं.

साखर कारखान्यातला क्रिस्टलायझर आणि इमारतीची जुनी गिअरवाली लिफ्ट, दोन्हींत वर्म व्हील असतं. क्रिस्टलायझरमधलं शेवटचं व्हील अगदी सावकाश फिरतं आणि घट्ट मॅसेक्विट (साखरेचे दाणे आणि मळी यांचं मिश्रण) ढकलतं; तिथे ताकद आधी बघायची. लिफ्टमध्ये वर्म थेट मोटरच्या वेगाने फिरतो, वेग आणि आवाज आधी. बंद हंगामात ओव्हरहॉल करताना "एकच मटेरियल मागवू, दोन्हीकडे लागेल" असं कुणी म्हणालं तर थांबवा.

अ‍ॅल्युमिनियम ब्रॉन्झ जास्त ताकदवान, म्हणून ते वरचढ, हा समज मला सगळ्यात महाग पडणारा वाटतो. तुटलेल्या दाताला ते औषध आहे. झिजलेल्या दाताला बहुधा नाही. ते वर्मशी जुळवून घेत नाही, आणि तेलाचा थर तुटला की वर्मलाच ओरबाडतं. मग व्हीलसोबत वर्मही बदलावा लागतो.

## ऑर्डर आणि माल आल्यावर

ऑर्डरवर "गनमेटल" किंवा "पीबी" एवढंच लिहू नका. असं लिहा: वर्म व्हील रिम, फॉस्फर ब्रॉन्झ पीबी२, कथिल ११ ते १३ टक्के, फॉस्फरस किमान ०.१५, शिसं कमाल ०.५, जस्त कमाल ०.३; सेंट्रिफ्युगल कास्टिंग; कडकपणा किमान ९५ बीएचएन, भारासह; हीट नंबर (कोणत्या वितळणीतला माल, तो क्रमांक) पंच केलेला. रिमची लांबी दहा-पंधरा मिमी जादा मागा. माल आल्यावर ती कडा कापून तिचाच तुकडा लॅबला द्या; फाउंड्रीने वेगळा ओतून दिलेला टेस्ट बार हा त्या रिमचा पुरावा होत नाही. रफ टर्निंग झाल्यावर डाय पेनिट्रंट (भेगा-छिद्रांत शिरणारा रंग) मारून छिद्रं बघा, हॉबिंगच्या आधी, नंतर नाही. दात कापून झाल्यावर माल परत घ्यायला कुणी तयार होत नाही.

आणि तेल. सक्रिय गंधक असलेलं ईपी (जास्त दाबाचं) गिअर तेल गाड्यांच्या हायपॉइड गिअरला छान, पण गरम गिअरबॉक्समध्ये कांशाला काळं पाडतं आणि खातं. वर्मसाठी चरबीयुक्त कंपाउंडेड तेल, बहुधा व्हीजी ४६० (घट्टपणाचा ग्रेड), किंवा वर्म गिअरसाठीचं सिंथेटिक. सिंथेटिक पीएजी (पॉलिअल्किलीन ग्लायकॉल) जातीचं असेल तर ते मिनरल तेलात मिसळत नाही. गिअरबॉक्स पूर्ण धुवा, आणि सील व आतला रंग त्याला चालतो का ते तेलाच्या कंपनीकडून लेखी घ्या. नवीन व्हील पहिल्यांदा अर्ध्या भारावर काही तास चालवा, दातांवरचा संपर्क मार्किंगचा निळा रंग लावून तपासा, आणि ते पहिलं तेल काढून टाका. त्यातला पिवळा चुरा रन-इनचा असतो, तो फिरत राहू देऊ नका.